भिवंडीतली तापी

आमच्या कॉलेजच्या शोधपत्रिकेच्या पहिल्याच अंकात तापी नदी भिवंडीतून वाहणार होती. मी ती वेळेत अडवली. अर्थशास्त्राच्या सरांनी यंत्रमागांवर निबंध दिला होता. त्यांनी सुरतेच्या कापडधंद्यावरचा कुठलासा जुना लेख उचलला होता, 'सुरत' असेल तिथे 'भिवंडी' घातलं होतं आणि नदी बदलायची राहून गेली होती. 'तापीच्या काठी वसल्यामुळे या शहरातील रंगकाम व्यवसायाला पाण्याची ददात नाही,' असं ते ठणकावून सांगत होते. आमच्याकडे आहे कामवारी. आणि पाण्याची ददात म्हणाल तर स्टाफरूमच्या माठात दुपारनंतर पेला बुडत नसे. मी ते वाक्य वाचलं तेव्हा लोडशेडिंग चालू होतं, आजूबाजूचे माग गप्प होते आणि त्या शांततेत मी एकटीच मोठ्याने हसले.

तेव्हापासून चोरलेल्या निबंधात चोराच्या हातून राहून गेलेल्या खुणेला आमच्याकडे 'तापी' म्हणायला लागले. मी खाली मान घालून काही वाचत असले की कुणीतरी जाता जाता विचारायचं, "मॅडम, तापी सापडली का?" अर्थशास्त्राचे सर तेवढे विचारत नसत. त्यांनी तो निबंध 'काही तांत्रिक कारणाने' मागे घेतला आणि माझ्याशी बोलणं जवळजवळ सोडलं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. नोकरीत कायम व्हायचं तर छापलेला निबंध दाखवा, बढती हवी तर आणखी दाखवा, असं सुरू झालं होतं. मग जो तो निबंध लिहायला लागला, आणि ज्यांना लिहिता येत नव्हतं ते उतरवायला लागले. कॉलेजने स्वतःची पत्रिका काढली, तेव्हा निबंध तपासायचं काम प्राचार्यांनी मला दिलं. "तुम्हाला नाहीतरी लोकांच्या चुका काढायला आवडतात," ते म्हणाले. मी मराठी विभागात होते आणि ते म्हणाले ते खोटं नव्हतं.

इंग्रजी निबंध तपासणं सोपं होतं. नाक्याजवळच्या सायबर कॅफेत जायचं, संशय आला ते वाक्य अवतरणचिन्हांत टाकायचं आणि वाट बघायची. कॅफेवाला मला ओळखायला लागला होता. "आज चोर मिला क्या, मॅडम?" असं विचारून तो पंखा माझ्याकडे वळवायचा. मराठीचं मात्र तसं नव्हतं. तेव्हा मराठी टाइप व्हायचं ते छापखान्यांच्या निरनिराळ्या फाँटमध्ये. नेटवर त्यातलं काही सापडायचं नाही. मराठी चोरी पकडायची तर चोराने जे वाचलं ते आपणही वाचलेलं असावं लागे. मी वाचलेलं होतं. त्याचा मला गर्व होता, आणि दुसरं काही गर्व करण्यासारखं नसल्यामुळे जरा जास्तच होता.

पत्रिकेचे नियमही मीच केले. निबंध आला की त्यावरचं लेखकाचं नाव काढायचं आणि तो बाहेरच्या एका जाणकाराकडे परीक्षणासाठी पाठवायचा. परीक्षक कोण, हे लेखकाला सांगायचं नाही, संपादक मंडळाला नाही, प्राचार्यांनाही नाही. ते फक्त मला ठाऊक. वशिल्याला वाव नको म्हणून मी हा नियम घातला होता आणि तो घालताना मला फार शहाणं वाटलं होतं.

आता तिच्याविषयी.

ती आमच्या विभागात आली तेव्हा मी तिथे मुरलेली होते. खारबावची मुलगी, अंजूरला दिलेली. सासरच्या शेतात गोदामं उठायला लागली होती, पण ती रिक्षाने यायची आणि येताना चपलांना शेतातला चिखल घेऊन यायची. वयाने माझ्याहून खूपच लहान. प्रोबेशनवर होती, म्हणजे नोकरी अजून कच्ची. एखादा निबंध छापून आला आणि कुणी वाकडं बोललं नाही, तर कायम होणार होती.

मला तिचा हेवा वाटायचा. उगाच 'स्पर्धा' वगैरे सोज्वळ शब्द मी वापरणार नाही. डबा उघडला की हेवा सुरू व्हायचा. तिच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी असायची आणि सगळी स्टाफरूम, आयुष्यात मासळी न शिवलेले गणिताचे सर धरून, तिच्या टेबलाभोवती जमायची. माझ्या पोळीभाजीला कधी कुणी हात लावला नाही. वर्गात गेली की गावाकडच्या मुलींशी 'हाय-न्हाय' करत बोलायची, त्याच दमात मागवाल्यांच्या पोरांना हिंदीत हसवायची, आणि घंटा झाली तरी पोरं उठायची नाहीत. माझ्या तासाला घंटा व्हायच्या आधी दप्तरं बांधून तयार असायची.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. ती लिहायची छान. वार्षिक अंकात, नोटिशीत, अगदी रजेच्या अर्जातही तिचं वाक्य सरळ चालत यायचं आणि जे सांगायचं ते सांगून थांबायचं. माझ्या वाक्यांना काठी लागायची. 'वस्तुतः', 'तद्वतच', 'या अनुषंगाने' असल्या काठ्या टेकत ती कशीबशी पूर्णविरामापर्यंत पोचायची. जुन्या आख्यानकाव्यांतल्या उपमांवर माझा प्रबंध आहे. पत्रिकेच्या पहिल्या अंकात त्यातलं एक प्रकरण छापलं, तेव्हा त्यावर फक्त छापखानावाल्याची प्रतिक्रिया आली. पान पुरत नाही, थोडं कापू का, असं त्याने विचारलं होतं.

तिने पत्रिकेला निबंध दिला तो धवल्यांवर. आमच्या तालुक्यात लग्नाच्या प्रत्येक विधीला गाणं लागतं. त्या गाण्यांना धवले म्हणतात आणि ती म्हणणारी जाणती बाई म्हणजे धवलारीण. खारबावची धवलारीण हिच्या माहेरच्या शेजारची. लहानपणापासून हिने ती गाणी ऐकलेली, मग लिहून घेतलेली, आणि त्यावर निबंध.

मी तो एका बैठकीत वाचला. वाचून झाल्यावर चहा घ्यायला उठले आणि चहा न घेताच परत बसले. असा निबंध मी कधी लिहिलेला नव्हता आणि लिहिणारही नव्हते, हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. मग दुसरा विचार आला. हे हिचं असणं शक्य नाही. मत्सराला पुरावा लागत नाही, पण मी तपासनीस होते. मला पुरावा शोधायची रीतसर परवानगी होती.

मी असं काही शोधलं की विचारू नका. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन लोकगीतांवरचे जुने प्रबंध उपसले. बंद पडलेल्या मासिकांचे गठ्ठे सोडवले. धुळीने शिंका येत, पण मला त्यात एक प्रकारचं सुख होतं, कारण पुढच्या पानावर तिचं वाक्य सापडेल अशी आशा होती. एकदा एका जुन्या प्रबंधात 'धवलारीण' शब्द दिसला आणि मी अधाशासारखी पुढे वाचत गेले. पुढे काहीच नव्हतं. लेखकाने त्या बाईला एका ओळीत उरकलं होतं.

मग मी तिला म्हटलं, "तुमची धवलारीण मला बघायची आहे."

"या ना, मॅडम," ती म्हणाली. "आमच्या चुलत्यांकडे लग्न आहे. मांडवाच्या दिवशी दुपारी या." मी संशयाने येते आहे हे तिला कळलं नसेल असं नाही. पण तिने ते आमंत्रणच करून टाकलं, आणि त्याचाही मला राग आला.

खारबावला मी गेले. घर माणसांनी भरलेलं, पुढे मांडव, मधल्या घरात बायका. धवलारीण पाटावर बसली होती, वयस्कर, काटक. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हीच का गो ती, चोऱ्या पकडनारी?"

"हीच," तिच्या शेजारी बसलेली माझी सहकारी हसत म्हणाली.

"मंग बस. पन आमचे गान्यांना कुलूप न्हाय हां, बाय."

थोडी गाणी झाली आणि तिने हात वर केला. "सगले पुरुष भायेर. दार लोटा." नवऱ्यामुलाचे काका, मामा, कॅमेरावाला, सगळे निमूट उठून ओट्यावर गेले. एक म्हातारे आजोबा कोपऱ्यात डोळे मिटून होते, त्यांनाही दोघींनी धरून बाहेर नेलं. दार लोटलं. आणि मग जी गाणी सुरू झाली त्यात नवऱ्यामुलाच्या मामापासून व्याह्यापर्यंत एकेकाची अशी काही धुलाई होती की माझे कान तापले. बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. ही धवलारणीच्या उजव्या हाताला बसून तिच्या सुरात सूर मिसळत होती. बाहेर कुणी पुरुषाने दाराला नुसता हात लावला तरी गाणं थांबायचं. निबंधात हे सगळं होतं, असंच्या असं. फरक असलाच तर एवढाच, की निबंध वाचताना मी बाहेर होते.

"आता तुझं एक म्हन," धवलारीण मला म्हणाली. "तुमचेकरचं."

"मला येत नाही."

"एक पन न्हाय?"

"नाही."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने माणसं बिनमिठाच्या आमटीकडे पाहतात. मग ती पुढच्या गाण्याकडे वळली.

म्हणजे तापी नव्हती. निबंध तिचा होता, बावनकशी होता, आणि मला तो स्वतःच्या सहीने पास करायचा होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काहीतरी केल्याशिवाय मला राहवेना, म्हणून मी संपादक या नात्याने त्यात एक परिच्छेद घातला. निबंधाला शास्त्रीय बैठक नाही असं कारण दिलं. लोकगीताची व्याख्या, मौखिक परंपरा, सामाजिक संदर्भ, असं सगळं त्या परिच्छेदात होतं आणि 'या अनुषंगाने' दोनदा होतं. तो लिहायला मला दोन रविवार लागले. तिला दाखवला.

"चालेल, मॅडम," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "बरं झालं." त्या थांबण्याचा अर्थ मी लावला नाही.

मग तिचं नाव काढून निबंध परीक्षणाला पाठवला. लोकसाहित्यातलं आमचं सर्वोच्च न्यायालय म्हणजे दूरच्या एका विद्यापीठातले एक प्राध्यापक. आम्ही सगळे त्यांची पुस्तकं वाचून शिकलेलो. त्यांनी कुणाला बरं म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं. लोकसाहित्याच्या निबंधाला त्यांच्याहून मोठा परीक्षक नव्हता, त्यामुळे मी वाकडी वाट केली असं कुणी म्हणू शकणार नाही. पण पाकीट चिकटवताना मला फार बरं वाटत होतं हेही खरं.

उत्तराला त्यांनी एवढा उशीर लावला की तो अंक हुकला. शेवटी दोन ओळी आल्या. विषय जुना आहे, मांडणी बाळबोध आहे, पुनर्लेखन करून घ्यावे, घाई नको. मी त्या ओळी तिला वाचून दाखवल्या तेव्हा आवाजात सहानुभूती आणली होती. तिचा चेहरा उतरला. तिने मुकाट्याने इथे तिथे दुरुस्त्या केल्या आणि निबंध पुढच्या अंकासाठी छापखान्यात गेला. तेवढे महिने मी सुखात काढले. डब्याभोवतीची गर्दी तशीच होती, पण मला ती तितकीशी टोचत नव्हती.

एके दिवशी प्राचार्यांनी बोलावलं म्हणून केबिनमध्ये गेले. आत ती उभी होती. समोर अर्थशास्त्राचे सर बसले होते, संपादक मंडळाचे सभासद या नात्याने. टेबलावर आमच्या अंकाची प्रुफं होती आणि शेजारी दुसऱ्या कुठल्यातरी पत्रिकेचा ताजा अंक उघडा पडलेला.

"तापी सापडली, मॅडम," सर म्हणाले. बऱ्याच दिवसांनी ते माझ्याशी बोलत होते. "मात्र तुमच्या विभागात."

मी दोन्ही पानं शेजारी शेजारी पाहिली. तेच वाक्य. खालचं, तेच. परिच्छेदच्या परिच्छेद तेच. मला झालेला आनंद मी काय सांगू! एवढी धूळ खाल्ली, तिचं अखेर चीज झालं होतं. शोधलं मी आणि मिळालं यांना, याचीच काय ती हुरहूर होती. मी वर पाहिलं. ती प्रुफांकडे बघत होती.

"यांची नोकरी कायम करायची फाईल माझ्यापुढे आहे," प्राचार्य म्हणाले. "त्यावर मी आता काय लिहू? चोरी केली म्हणून लिहू? तो अंक आधी निघालाय, आपला अजून निघायचाय. बाहेर कळलं तर कॉलेजची अब्रू जाईल. मी उद्याच विद्यापीठाला कळवणार."

"सर, मी कुठूनही घेतलेलं नाही," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. गावातल्या मुलींना आणि मागवाल्यांच्या पोरांना हसवणारी ती, तिथे तिला दुसरं वाक्य सुचत नव्हतं.

"मग त्यांनी तुमचं घेतलं का?" सरांनी बोटाने लेखकाचं नाव दाखवलं. "हे? तुमचं?"

मी ते नाव तेव्हा पाहिलं. आमचं सर्वोच्च न्यायालय.

मला समजायला वेळ लागला नाही. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. विषय जुना आहे, घाई नको, असं आम्हाला लिहून त्यांनी स्वतः घाई केली होती. आणि हे त्या केबिनमध्ये फक्त मला ठाऊक होतं. निबंध कुणाकडे गेला होता हे ना प्राचार्यांना माहीत, ना सरांना, ना तिला. परीक्षकाचं नाव कुणालाही सांगायचं नाही. नियम माझाच. मी नुसती गप्प बसले असते तरी नियमाने वागले असते. ती गेली असती. डबा गेला असता, ती सरळ चालणारी वाक्यं गेली असती, आणि माझ्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा नव्हती. एवढं आयतं मला आयुष्यात काही मिळालं नव्हतं.

"मॅडम, तुम्ही तपासला होता ना?" प्राचार्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं आणि तो अंक उचलून चाळत राहिले. विचार करायला वेळ हवा होता म्हणून चाळत होते, आणि चाळता चाळता मी काय शोधते आहे ते माझ्याच लक्षात आलं. मी माझा परिच्छेद शोधत होते.

सुरुवातीला नव्हता. असेल पुढे, म्हटलं. मधे नव्हता. शेवटी नव्हता. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. त्या माणसाने तिचं सगळं घेतलं होतं. गाणी घेतली, गाण्यांचे अर्थ घेतले, तळटीपा घेतल्या. माझा परिच्छेद मात्र वेचून बाजूला काढला होता, तांदळातला खडा काढावा तसा. त्याच्या आधीचं वाक्य होतं, नंतरचं वाक्य होतं, आणि दोन्ही एकमेकांना अशी बिलगली होती की मधे कधी काही होतं असं वाटू नये. फुकटात मिळत असूनही त्याला ते नको होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोक म्हणतात त्या दिवशी मी न्यायासाठी बोलले. म्हणोत बापडे.

"हा निबंध यांचाच आहे," मी म्हटलं. "परीक्षणासाठी तो मीच या गृहस्थांना पाठवला होता. माझ्या हाताने पाकीट चिकटवलं होतं."

मग सर म्हणाले, "तुम्ही विभागातलं माणूस वाचवणारच. एवढे मोठे प्राध्यापक भिवंडीच्या प्रोबेशनवरच्या बाईचं कशाला चोरतील? पुरावा काय?"

"तापी," मी म्हटलं. "इथेच आहे. तुम्हीच वाचा, मोठ्याने."

मी बोट ठेवलेलं वाक्य त्यांनी वाचलं. तिने मूळ लिहिलं होतं, की पुरुषांना ओट्यावर पाठवून दार लोटल्याशिवाय धवलारीण ही गाणी म्हणत नाही. दार लोटलं, मी तिच्या उजव्या हाताला बसले आणि ऐकता ऐकता लिहून घेतलं. प्राध्यापकांनी निबंधभर 'मी' काढून भारदस्त शब्द घातले होते, त्यामुळे सरांच्या खणखणीत आवाजात ते असं आलं: "सर्व पुरुषांना बाहेर पाठवून दार लोटण्यात आले, आणि प्रस्तुत संशोधक धवलारणीच्या उजव्या हाताला बसला."

सर वाचता वाचताच थांबले. प्राचार्यांनी चष्मा काढला.

"त्या दाराआड मी स्वतः बसले आहे," मी म्हटलं. "तिथून डोळे मिटून पडलेल्या आजोबांनाही उचलून बाहेर नेतात. हे सहा फूट उंचीचे प्राध्यापक त्या बायकांत कुठे बसले होते, ते त्यांना विचारा."

आधी प्राचार्य हसले. मग ती हसली, रडत रडत हसली. अर्थशास्त्राचे सर तेवढे हसले नाहीत. त्यांना त्यांची नदी आठवली असणार.

फाईलवर प्राचार्यांनी चांगला शेरा लिहिला आणि ती कायम झाली. त्या दुसऱ्या पत्रिकेला आम्ही पत्रावर पत्र धाडलं. खूप महिन्यांनी त्यांच्या कुठल्याशा अंकात शेवटच्या पानावर 'अनवधानाने' असं काहीतरी बारीक अक्षरात आलं. वरातीमागून घोडं. प्राध्यापकांच्या नखालाही धक्का लागला नाही. त्यांचे सत्कार चालू राहिले. धवलारणीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्या मास्तराला लग्नाला बोलव गो. आतमंदी बसव. सगली गानी त्याचेवरच म्हनते." आम्ही मात्र सुधारलो. निबंध आला की त्याच दिवशी त्यावर तारखेचा शिक्का मारायचा, एक प्रत मोहोरबंद पाकिटात प्राचार्यांकडे ठेवायची, आणि परीक्षक कोण हे आणखी एकाला तरी माहीत असायचं. हे नियमही मीच केले.

आमचा तो अंक छापायला जायच्या आदल्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली. हातात डबा होता, भाकरी आणि सुकट. माझ्यासाठी वेगळा आणलेला. डबा ठेवून ती जाईना.

"मॅडम, एक विचारू? रागावू नका."

"विचारा."

"तुमचा तो परिच्छेद... त्यांच्या अंकात तो नव्हता ना, तर निबंध सलग वाचला गेला. माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं, पण बोलायचं कसं? मी काढू का तो?"

मी म्हटलं, काढा. दुसरं काय म्हणणार? तिने माझे किती आभार मानले! मी भाकरी खाल्ली. चटणी इतकी चांगली होती की मला तिचाही राग आला.

तो निबंध पुढे फार गाजला. आता मराठी सगळीकडे युनिकोडमध्ये टाइप होतं, सगळं नेटवर चढलं आहे, चोऱ्या पकडायची यंत्रं आली आहेत, आणि मी निवृत्त झाले आहे. तिचा निबंध लोक अजून चोरतात. लग्नपत्रिकांवर, पोरांच्या प्रकल्पांत, भाषणांत तिची वाक्यं नाव न सांगता फिरतात. तिला कळलं की ती मला फोन करून तक्रार करते, "बघा ना मॅडम, पुन्हा कुणीतरी उचललं," आणि मी तिच्यासाठी पत्रांचे मसुदे करून देते. मला ते चांगले जमतात.

फोन ठेवला की मी संगणकापुढे बसते. माझा प्रबंधही नेटवर चढला आहे, जो शोधेल त्याला सापडेल असा. त्यातलं मला आवडणारं एखादं वाक्य मी अवतरणचिन्हांत टाकते आणि वाट बघते. ते एकाच ठिकाणी सापडतं, माझ्याच प्रबंधात. मग दुसरं वाक्य टाकते.